पाहावें, पण दिसूं नये

पाणबुडीचें सारें सामर्थ्य तिच्या अदृश्य राहण्यांत आहे, ही गोष्ट शाळकरी मुलांनाहि ठाऊक असते. परंतु या अदृश्यतेबरोबर तिच्या वाट्याला अंधत्वहि येतें, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. समुद्राच्या पृष्ठभागाखालीं चाळीस-पन्नास फुटांवर, पोलादी नळकांड्यांत बसलेल्या माणसांना वरचें जग दिसावें तरी कसें? त्यांचे कान शाबूत असतात. पाण्यांतून येणारा जहाजाच्या पंख्यांचा आवाज त्यांना ऐकूं येतो. पण वर चाललेलें जहाज मित्राचें कीं शत्रूचें, तें किती दूर आहे, कोणत्या दिशेनें आणि कोणत्या वेगानें चाललें आहे, हें खात्रीनें सांगणारें इंद्रिय दीर्घकाळ एकच होतें, आणि तें म्हणजे डोळा. हा डोळा पाणबुडीला पेरिस्कोपनें, म्हणजेच परिदर्शकानें दिला. परिदर्शक ही एक लांब, उभी नळी असते. तिचें वरचें टोंक पाण्याबाहेर हात-दीड हात निघतें. त्यांत बसविलेला कांचेचा लोलक बाहेरचा प्रकाश खालीं वळवितो, आणि भिंगांच्या मालिकेंतून बाहेरचें चित्र नळीच्या तळाशीं उभ्या असलेल्या अधिकाऱ्याच्या डोळ्यापर्यंत पोंचतें.

या देणगीला एक अट मात्र जोडलेली होती. पाण्याबाहेर निघालेला डोळा पाहतो, तसा तो दिसतोहि. मांजर डोळे मिटून दूध पितें आणि आपल्याला कोणी पाहत नाहीं असें समजतें. पाणबुडीची गोष्ट नेमकी उलटी आहे. तिनें डोळा मिटला असतां ती खरोखरच कोणाला दिसत नाहीं, आणि तो उघडला कीं दिसूं लागते. म्हणून किती वेळ पाहावें, कोणत्या वेगानें चालत असतां पाहावें, आणि पाहणें सोडून खालीं केव्हां जावें, हे तीन प्रश्न पाणबुडीच्या बालपणापासून तिच्या पाठीस लागले आहेत. त्यांचीं उत्तरें शोधतां शोधतां पुष्कळ माणसें समुद्राच्या तळाशीं गेलीं, आणि त्या अनुभवांतूनच एक विलक्षण शिस्त जन्माला आली.

फ्रान्समधील शास्त्रज्ञ मारिये-दाव्ही यांनीं १८५४ सालीं नौकांसाठीं अशा प्रकारची एक नळी सुचविली होती. अमेरिकेच्या यादवी युद्धांत, १८६४ सालीं, रेड नदीवरील मोहिमेंत 'ओसेज' या चिलखती नौकेवर थॉमस डाउटी नांवाच्या अभियंत्यानें तसलेंच साधन उभारून काठावरील शत्रु आंतून पाहण्याची सोय केली. परंतु पाण्याखालीं चालणाऱ्या नौकेला हा डोळा खऱ्या अर्थानें लाभला तो विसाव्या शतकाच्या आरंभीं. इंग्लंडच्या नौदलाची पहिली पाणबुडी 'हॉलंड १' ही १९०१ च्या ऑक्टोबर महिन्यांत बॅरो येथें पाण्यांत उतरली, आणि डब्लिनचे दुर्बीणकार सर हॉवर्ड ग्रब यांनीं त्या नौदलासाठीं परिदर्शक घडविण्याचें काम हातीं घेतलें. आरंभीचें हें यंत्र मोठें चमत्कारिक होतें. समोर पाहिलें तर जहाज सरळ दिसे. बाजूला पाहिलें तर तें आडवें पडलेलें दिसे. आणि मागें पाहिलें तर डोलकाठ्या खालीं व तळ वर, असें चक्क उलटें दिसे. पाहणाऱ्यानें तें चित्र आपल्या मनांत सरळ करून घ्यावयाचें! तरीहि नाविकांना हें यंत्र वरदानासारखें वाटलें. त्याच्या अभावीं पाणबुडीला वाट पाहून घेण्यासाठीं वरचेवर पाण्याबाहेर मान काढावी लागे आणि पुन्हां बुडी मारावी लागे.

या वरदानाचा पहिला मोठा मोबदला इंग्रजांना १९०४ सालीं द्यावा लागला, आणि तोहि युद्धांत नव्हे, तर लढाईच्या खेळांत. १८ मार्च १९०४ रोजीं पोर्ट्समथजवळच्या समुद्रांत नौदलाच्या कवायती चालल्या होत्या. लटुपुटीच्या या लढाईंत 'ए १' नांवाच्या पाणबुडीनें 'जूनो' या क्रूझरवर हल्ला करावयाचा होता. पाणबुडीचे नायक लेफ्टनंट मान्सर्ग यांचें सारें लक्ष परिदर्शकांतून 'जूनो'वर खिळलें होतें. त्याच वेळीं 'बेरविक कॅसल' हें उतारूंचें मोठें जहाज आपल्या वाटेनें तेथून चाललें होतें, आणि तें कोणाच्या दृष्टीस पडलें नाहीं. तें सरळ पाणबुडीवरून गेलें. कवायतींतील एखादा पोकळ पाणतीर आपल्याला लागला असावा, अशा समजुतीनें जहाजावरील लोक पुढें निघून गेले. 'ए १' आपल्या अकराहि माणसांसह तळाशीं गेली.

या अपघातांतून दोन धडे निघाले. पहिला धडा बांधणीचा होता. पुढील पाणबुड्यांत बुरुजाच्या तळाशीं पाणी अडविणारें आणखी एक झांकण बसविण्यांत येऊं लागलें; हेतु असा कीं, बुरूज फुटला तरी खालचें अंग कोरडें राहावें. दुसरा धडा पाहण्याचा होता. परिदर्शकांतून एका वेळीं दिसतो तो क्षितिजाचा एक लहानसा तुकडा. कावळ्याला बुबुळ एकच आणि तेंच तो दोन्ही खोबणींत फिरवितो, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. तीवरूनच काकाक्षिगोलकन्याय हा शब्द रूढ झाला. पाणबुडीच्या अधिकाऱ्याला हा न्याय अक्षरशः आचरावा लागतो. डोळा वर निघाला कीं तो आधीं चहूंकडे फिरला पाहिजे. भक्ष्याकडे पाहण्याची पाळी त्यानंतरची. जें हवेंसें वाटतें त्याकडेच पाहत राहणें हा मनुष्यस्वभाव आहे, आणि परिदर्शकापाशीं तोच स्वभाव प्राणघातक ठरतो.

पाहण्याच्या शिस्तीइतकीच चालण्याची शिस्तहि महत्त्वाची असते. वाहत्या ओढ्यांत एखादी काठी उभी धरून पाहावी. तिच्यापुढें पाणी चढतें, मागें खळगा पडतो आणि दोहों बाजूंनीं फेंसाच्या रेघा निघतात. काठी हातांत थरथरते, तीहि पाण्यामुळेंच. तिच्या मागें आळीपाळीनें डावे-उजवे भोंवरे सुटत असतात आणि ते तिला दोहों बाजूंस हिसके देत असतात. पाणबुडी चालत असतां तिच्या परिदर्शकाचेंहि असेंच होतें. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणजे वेग दुप्पट केला कीं नळीवर पडणारा जोर चौपट होतो. तासाला दोन-तीन सागरी मैलांच्या चालीनें जाणाऱ्या पाणबुडीचा परिदर्शक पाणी शांतपणें कापतो आणि मागें नाममात्र खूण सोडतो. हीच चाल सहा-सात मैलांवर नेली, तर नळी थरथरूं लागते, चित्र अस्पष्ट होतें, आणि पाण्यावर उठणारा पांढरा तुरा दुरूनहि नजरेंत भरतो. इंग्रज नाविक या तुऱ्याला पक्ष्याच्या पिसाची उपमा देतात. आरशासारख्या शांत समुद्रावर हें पीस लपतां लपत नाहीं. वाऱ्यानें लाटांवर फेंस माजला असेल, तर तें त्यांत मिसळून जातें. म्हणूनच कवींना प्रिय असलेला निवांत समुद्र हा पाणबुडीचा वैरी, आणि किंचित् खवळलेला समुद्र हा तिचा मित्र होय.

या एका डोळ्याचें सामर्थ्य किती भयंकर आहे, हें जगाला २२ सप्टेंबर १९१४ रोजीं कळलें. 'अबूकीर', 'हॉग' आणि 'क्रेसी' या इंग्लंडच्या तीन जुन्या क्रूझर त्या सकाळीं हॉलंडच्या किनाऱ्यासमोर गस्त घालीत होत्या. त्यांची चाल तासाला सुमारें दहा मैलांची होती, आणि नागमोडी वाट न धरतां त्या सरळ रेषेंत चालल्या होत्या. परिदर्शकापाशीं बसलेल्या शत्रूला याहून अधिक काय हवें? पाण्याखालून पाणतीर सोडणाऱ्यास लक्ष्य आतां कोठें आहे एवढेंच कळून भागत नाहीं. पाणतीर पोंचेल त्या वेळीं तें कोठें असेल, हें त्याला आधींच ठरवावें लागतें. लक्ष्यानें वेग आणि दिशा बदलली नाहीं, तर हें गणित सोपें होतें. जर्मनीच्या 'यू ९' या पाणबुडीचे नायक ओटो वेडिगेन यांनीं प्रथम 'अबूकीर'वर पाणतीर सोडला. पाणसुरुंग लागला असावा, अशा समजुतीनें दुसऱ्या दोन नौका बुडणाऱ्यांना वांचविण्यासाठीं तेथेंच थांबल्या, आणि थांबलेल्या अवस्थेंत त्याहि बळी पडल्या. सुमारें दीड तासांत तिन्ही नौका नाहींशा झाल्या आणि १४५९ माणसें प्राणांस मुकलीं. पाणबुडीला संथ चाल तारते, तर तिच्या भक्ष्याला संथ चाल मारते, ही गोष्ट त्या सकाळीं सिद्ध झाली. युद्धनौकांनीं पुढें वेगानें आणि नागमोडी चालीनें जाण्याचा जो नियम पाळला, त्याच्या मुळाशीं हे १४५९ मृत्यु आहेत.

पण ज्या डोळ्यानें वेडिगेन यांना कीर्ति दिली, त्याच डोळ्यानें त्यांचा घात केला. १८ मार्च १९१५ रोजीं, म्हणजे 'ए १' बुडाली त्या घटनेस बरोबर अकरा वर्षें होत असतां, ते 'यू २९' ही नवी पाणबुडी घेऊन स्कॉटलंडच्या उत्तरेस पेंटलंडच्या सामुद्रधुनीजवळ इंग्रजांच्या महाआरमारांत शिरले. 'नेपच्यून' या नौकेवर सोडलेला त्यांचा पाणतीर चुकला, आणि लगोलग पाणबुडीचें अस्तित्व उघडकीस आलें. 'ड्रेडनॉट' या प्रसिद्ध युद्धनौकेवरील पहारेकऱ्यांना तिचा परिदर्शक दिसला. ड्रेडनॉटनें तोफा डागल्या नाहींत. तिनें आपलें तोंड वळविलें आणि पूर्ण वेगानें थेट पाणबुडीवर चाल केली. पाणबुडीचें टोंक क्षणभर पाण्यावर उभें राहिलें, त्यावरील क्रमांक वाचतां आला, आणि ती दिसेनाशी झाली. तिच्यावरील एकहि माणूस वांचला नाहीं.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत पाणबुडी मोठी झाली, परिदर्शकाची भिंगें सुधारलीं, पण वेगाचें कोडें सुटलें नाहीं. जर्मनीनें ज्या वर्गाच्या पाणबुड्या सर्वांत अधिक बांधल्या, त्या सातव्या वर्गाची पाणबुडी पृष्ठभागावर तासाला सतरा मैलांहून अधिक धांवत असे. पाण्याखालीं मात्र तिची धांव साडेसात मैलांच्या आसपास संपे, आणि तीहि थोडा वेळच. कारण तेथें डीझेल एंजिन चालत नाहीं, सारा भार विजेच्या बॅटरीवर असतो. चार मैलांच्या चालीनें ती पाण्याखालून सुमारें ऐंशी मैल, म्हणजे वीस तास जाऊं शके. पण वेग दुप्पट करावयाचा तर शक्ति सुमारें आठपट खर्ची पडते. जो नायक घाईनें धांवला, त्याचा तुरा शत्रूला दिसे, त्याच्या पंख्यांचा आवाज शत्रूला ऐकूं येई, आणि पळून जाण्याची वेळ आली म्हणजे त्याची बॅटरी रिकामी झालेली असे. उतावळेपणाची शिक्षा अशी तिहेरी होती.

त्यांतच १९४३ च्या सुमारास दोस्त राष्ट्रांच्या विमानांवर आणि नौकांवर आंखूड लहरींचें रडार आलें. पाणबुडीला बॅटरी भरण्यासाठीं रात्रीं पृष्ठभागावर येणेंहि अवघड झालें, तेव्हां जर्मनांनीं १९४४ मध्यें आपल्या पाणबुड्यांना श्वासनळी बसविली. पाण्याखालीं राहून हवा ओढणारी ही नळीहि परिदर्शकाच्याच जातीची, आणि तिलाहि तोच शाप होता. सुमारें सहा मैलांपेक्षां अधिक वेगानें गेल्यास ती मोडण्याची भीति असे. पुढें ध्वनीनें वेध घेणारीं यंत्रें इतकीं सुधारलीं कीं, कित्येकदां डोळ्याची जागा कानानें घेतली. या बदलाची दुःखद आठवण भारताच्या पश्चिम किनाऱ्यालाहि आहे. मुंबईहून निघालेली 'खुकरी' ही भारतीय युद्धनौका ९ डिसेंबर १९७१ च्या रात्रीं दीवजवळ पाकिस्तानच्या 'हंगोर' या पाणबुडीनें बुडविली. त्या अंधारांत परिदर्शकाचा उपयोग नव्हता. पाणतीर ध्वनीच्या आधारें सोडण्यांत आला. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आपली नौका न सोडतां तिच्याबरोबर गेले. १८ अधिकारी आणि १७६ नाविक त्या रात्रीं परत आले नाहींत.

इतकें जोखमीचें पाहणें माणसाला शिकवावें तरी कसें? समुद्रावर प्रत्यक्ष चुका करून शिकण्याची किंमत 'ए १'नें दाखवून दिली होती. या प्रश्नाला इंग्रजांनीं पहिल्या महायुद्धांतच हात घातला. १९१७ सालीं त्यांनीं पाणबुडीचे नायक तयार करण्यासाठीं एक खास अभ्यासक्रम सुरू केला. पेरिस्कोप या शब्दावरून नाविकांनीं त्याला 'पेरिशर' असें टोपणनांव दिलें. अनुत्तीर्ण झालेल्या अधिकाऱ्याला पुन्हां पाणबुडीवर जागा नाहीं, असा त्याचा कडक दंडक होता. कसोटी ज्या गणिताची असे, तें वरकरणीं सोपें दिसतें. तासाला तीस सागरी मैलांनीं धांवणारी विनाशिका एका मिनिटांत सुमारें सव्वानऊशें मीटर अंतर तोडते. ती तीन हजार मीटरांवर दिसली, तर डोक्यावर येण्यास तिला सव्वातीन मिनिटें लागतील. सुरक्षित खोलीवर जाण्यास एक मिनिट लागत असेल, तर शिल्लक राहिलीं दोन मिनिटें. तेवढा वेळ परिदर्शक खालीं ओढून ठेवावयाचा, घड्याळाकडे पाहत मनांतल्या मनांत विनाशिका पुढें सरकवीत राहावयाचें, आणि वेळ संपण्याच्या आंत पुन्हां कांहीं क्षण डोळा वर काढावयाचा. अशा तीन-चार नौका चार दिशांनीं अंगावर येत असतां प्रत्येकीचें घड्याळ डोक्यांत निराळें चालवावें लागे. थोडक्यांत म्हणजे, डोळा मिटलेला असतां पाहत राहणें, हीच तेथील विद्या होती.

या विद्येचे पहिले पाठ पाण्यावर नव्हे, तर खोलींत दिले जात. इंग्लंडमध्यें गॉस्पोर्ट येथें आणि अमेरिकेंत न्यू लंडन येथें अशीं शिक्षणयंत्रें उभारलीं होतीं. खोलींत खराखुरा परिदर्शक बसविलेला असे, समोर जहाजांच्या लहान प्रतिकृति सरकविल्या जात, आणि शिकाऊ अधिकारी त्यांच्यावर काल्पनिक पाणतीर सोडीत. तेथें चूक झाली तर हंसें होई, प्राण जात नसत. खेळाचें खरें मोल यांतच आहे.

परंतु खेळाचे नियम चुकीचे असले, तर शिकवणहि चुकीची मिळते. अमेरिकेच्या नौदलांत युद्धापूर्वींच्या कवायतींत परिदर्शक दिसला कीं पाणबुडीच्या नायकावर ठपका येई. विमानांच्या भीतीनें तेथें असें मत बळावलें होतें कीं, डोळा वर काढूंच नये. खोल राहून केवळ आवाजावरून पाणतीर सोडावे. या शिकवणींत वाढलेले अनेक नायक १९४२ सालीं खऱ्या युद्धांत इतके सावध राहिले कीं, शत्रु त्यांच्या हातून निसटत गेला, आणि त्यांना बदलावें लागलें. याउलट 'वाहू' या पाणबुडीचे नायक डडली मॉर्टन यांनीं एक निराळीच रीत पाडली. परिदर्शकाशीं ते आपले दुय्यम अधिकारी रिचर्ड ओकेन यांना उभे करीत, आणि स्वतः नकाशावरून साऱ्या परिस्थितीचा विचार करीत. पाहणारा एक आणि ठरविणारा दुसरा, अशी वांटणी झाल्यानें पाहण्याचा मोह निर्णयाच्या आड येत नसे. मात्र धाडसालाहि त्याची किंमत असते. १९४३ च्या ऑक्टोबरांत 'वाहू' मॉर्टन यांच्यासह जपानच्या समुद्रांतून परतलीच नाहीं.

खेळांतून शिकण्याचा सर्वांत मनोरंजक प्रयोग झाला तो लिव्हरपूल येथें, आणि तो पाणबुडीच्या शत्रुपक्षानें केला. १९४२ च्या जानेवारींत कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांनीं तेथें एका मोठ्या खोलीच्या जमिनीवर समुद्राचा पट आंखला. नौदलांतील तरुण स्त्रिया त्यावर खडूनें जहाजांच्या आणि पाणबुड्यांच्या वाटा काढीत. खेळणाऱ्या अधिकाऱ्यांना पट उघडपणें पाहण्याची मुभा नसे. पडद्याला पाडलेल्या फटींतून, जहाजावरून दिसेल तेवढेंच त्यांना दिसे, आणि पाणबुडीची रेघ अशा रंगाची असे कीं ती त्या फटींतून ओळखूं येऊं नये. आंधळ्या कोशिंबिरीचाच हा प्रकार. पण या कोशिंबिरींतून पाणबुडी जहाजांच्या तांड्यांत मागून शिरते, ही गोष्ट उमगली, आणि तिला घेरण्याचे नवे डाव तयार झाले. युद्ध संपेपर्यंत सुमारें पांच हजार अधिकारी हा खेळ खेळून समुद्रावर गेले. ॲडमिरल मॅक्स हॉर्टन हे पहिल्या महायुद्धांतील नामांकित पाणबुडीनायक. तेहि येथें पाणबुडीच्या बाजूनें खेळले, आणि जॅनेट ओकेल या तरुणीनें त्यांचा पराभव केला.

युद्धानंतर हा खेळ नौदलाच्या खोलींतून बाहेर पडला. १९६६ सालीं जपानच्या सेगा कंपनीनें 'पेरिस्कोप' नांवाचें करमणुकीचें यंत्र काढलें. नाणें टाकावें, परिदर्शकाला डोळा लावावा आणि पुठ्ठ्याच्या जहाजांवर प्रकाशाचे पाणतीर सोडावे. १९७६ मध्यें 'सी वुल्फ' आला. १९८५ मध्यें 'सायलेंट सर्व्हिस' हा संगणकावरील खेळ निघाला, आणि २००५ मध्यें 'सायलेंट हंटर'चा तिसरा भाग. पहिल्या यंत्रांत नेम तेवढा साधावयाचा होता. नंतरच्या खेळांनीं मात्र त्या जुन्या तीन प्रश्नांना जागा दिली. पूर्ण वेगानें चाललेल्या पाणबुडीचा परिदर्शक वर काढला कीं शत्रूच्या विनाशिका वळतात. तो शांत समुद्रावर वर ठेवून खेळाडू रेंगाळला कीं तोफा सुरू होतात. कांहीं खेळांत तर वेगाची मर्यादा ओलांडल्यास तो निकामीच होतो. घरांत बसलेला पंधरा वर्षांचा मुलगा दहा वेळां बुडतो आणि अकराव्या वेळीं आपण होऊन वेग दोन-तीन मैलांवर आणतो, डोळा कांहीं क्षण वर काढतो, चहूंकडे फिरवितो आणि खालीं घेतो. 'ए १'वरील अकरा जणांना ही दुसरी संधि मिळाली नव्हती.

एक गोष्ट मात्र हे खेळ शिकवीत नाहींत. त्यांत कंटाळवाणा काळ पळविण्याची सोय असते. एक कळ दाबली कीं तासांचीं मिनिटें होतात. खरा समुद्र अशी सवलत देत नाहीं, आणि ती घेऊं पाहणाऱ्याकडून ती व्याजासह वसूल करतो. ९ फेब्रुवारी २००१ रोजीं अमेरिकेची 'ग्रीनव्हिल' ही अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी हवाई बेटांजवळ होती. तिच्यावर नागरिक पाहुणे आले होते आणि ठरलेल्या कार्यक्रमाला उशीर झाला होता. त्यांना एकाएकीं पृष्ठभागावर उसळी मारण्याचें प्रात्यक्षिक दाखवावयाचें होतें. तत्पूर्वीं परिदर्शकांतून क्षितिज तपासण्यांत आलें, पण घाईनें. आकाश धुरकट होतें, लाटा उंच होत्या. पाण्यावर एक मीटर उंच असलेल्या डोळ्याला क्षितिज सुमारें साडेतीन किलोमीटरांवर असतें; तो चार मीटर उंच केला तर तें सात किलोमीटरांवर जातें. युद्धांत ही उंची घातक असते, पण शांततेच्या काळांत तीच तारक ठरते. डोळा पुरेसा उंच आणि पुरेसा वेळ वर राहिला नाहीं, आणि पांढऱ्या रंगाचें एक जहाज नजरेंतून सुटलें. पाणबुडी उसळली ती नेमकी 'एहिमे मारू' या जपानी जहाजाखालीं. मच्छीमारीचें शिक्षण घेणारे विद्यार्थी त्यावर होते. चार विद्यार्थी, दोन शिक्षक आणि तीन खलाशी, अशीं नऊ माणसें मरण पावलीं. १९०४ सालीं एकाच जहाजाकडे फार वेळ पाहिल्यामुळें पाणबुडी बुडाली. २००१ सालीं सर्वत्र फार थोडा वेळ पाहिल्यामुळें जहाज बुडालें. दोहोंमधील सत्त्याण्णव वर्षांत यंत्रें पार बदललीं, पण पाहणारा माणूस तोच राहिला.

आतां तर ती उभी नळीहि कालबाह्य होऊं लागली आहे. २००४ सालीं अमेरिकेच्या नौदलांत दाखल झालेल्या 'व्हर्जिनिया' या पाणबुडींत परिदर्शकाच्या जागीं कॅमेरे बसविलेला स्तंभ आहे. तो क्षणभर पाण्याबाहेर निघतो, चहूंकडचें चित्र टिपतो आणि खालीं जातो. आंत अधिकारी तें चित्र पडद्यावर सावकाश न्याहाळतात. त्याच वर्गाच्या 'कोलोरॅडो' या पाणबुडीवर २०१८ पासून हा स्तंभ फिरविण्यासाठीं मुलें घरीं खेळतांना वापरतात तेंच हातांतलें नियंत्रक यंत्र ठेवलें गेलें, कारण नवे नाविक तें आधींच शिकून आलेले असतात. मुंबईच्या माझगाव गोदींत बांधलेल्या कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्या २०१७ ते २०२५ या काळांत भारतीय नौदलांत दाखल झाल्या. त्यांच्या नायकांनाहि खालून वर पाहण्याची ही कला शिकावीच लागते.

कॅमेरा भिंगापेक्षां जलद पाहतो, हें खरें. पण त्याचा स्तंभहि पाण्यांतूनच वर निघतो, पाणी त्याच्याभोंवतीं तसेंच चढतें, आणि वेग दुप्पट झाला कीं त्यावरील जोर आजहि चौपटच होतो. चित्र क्षणांत टिपलें, तरी तें नीट न्याहाळण्याचा धीर यंत्र देत नाहीं. पाण्याखालून वर पाहणाऱ्याला आधीं आपली चाल मंद करावी लागते, मग चारी दिशांना समान न्याय द्यावा लागतो, आणि पुरेसें पाहून झालें कीं मोह आवरून डोळा मिटावा लागतो. समुद्रानें ही शिकवण प्रथम दिली ती पोर्ट्समथजवळच्या त्या अकरा खलाशांचे प्राण घेऊन. ज्या ज्या वेळीं ती विसरली गेली, त्या त्या वेळीं त्यानें ती पुन्हां त्याच मोलानें दिली आहे.